लोकसभेत ‘हां’चा विजय झाला, पण तुमच्या खासदाराचं मत कुठे नोंदवलं गेलं?

२६ जून २०२४. अठरावी लोकसभा नुकतीच भरली होती आणि अध्यक्षपदाची निवडणूक व्हायची होती. सत्ताधाऱ्यांकडून ओम बिर्ला, विरोधकांकडून केरळचे काँग्रेस खासदार के. सुरेश. सुरेश यांच्या नावाचा प्रस्ताव दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत यांनी मांडला. लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी अशी लढत फार क्वचित होते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आकड्याकडे लागलं होतं. नव्या सरकारच्या बाजूला नेमके किती जण उभे आहेत, हे त्यातून पहिल्यांदा दिसणार होतं.

आकडा आलाच नाही. हंगामी अध्यक्ष भर्तृहरी महताब यांनी बिर्लांच्या नावाचा प्रस्ताव मताला टाकला, सभागृहातून ‘हां’ आणि ‘ना’चे आवाज आले आणि प्रस्ताव मंजूर झाल्याचं जाहीर झालं. पहिला प्रस्ताव मंजूर झाला की बाकीचे मताला टाकले जात नाहीत, त्यामुळे सुरेश यांच्या नावावर मतदान होण्याचा प्रश्नच उरला नाही.

मग बाहेर वाद सुरू झाला. सहमतीचं वातावरण राहावं म्हणून आम्ही मतविभागणीचा आग्रह धरला नाही, असं काँग्रेसने सांगितलं. तृणमूल काँग्रेसच्या अभिषेक बॅनर्जींनी मात्र सांगितलं की काही सदस्यांनी मतविभागणी मागितली होती आणि ती दिली गेली नाही. एकाच आघाडीतले दोन पक्ष, एकाच सभागृहात बसलेले, आणि दोघांचं म्हणणं वेगळं.

याची तुलना जुन्या लढतींशी करून बघा. १९५२ मध्ये गणेश वासुदेव मावळंकर यांच्याविरुद्ध सोलापूरचे शेतकरी कामगार पक्षाचे खासदार शंकर शांताराम मोरे होते. निकाल ३९४ विरुद्ध ५५. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी २७८ विरुद्ध २०७ मतांनी निवडून आले. १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, बलिराम भगत यांना ३४४ आणि जनसंघाच्या जगन्नाथराव जोशींना ५८ मतं पडली. या तिन्ही लढतींचे आकडे आजही सापडतात. २०२४ च्या लढतीला आकडाच नाही.

हा प्रश्न अध्यक्षपदापुरता असता तर सोडून देता आला असता. पण लोकसभेत होणारे बहुतेक निर्णय असेच, आवाजावर होतात.

आवाजी मतदान नेमकं कसं होतं?

राज्यघटनेचं कलम १०० सांगतं की सभागृहातले निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने व्हावेत. अध्यक्ष आधी मत देत नाहीत, समसमान मतं पडली तरच देतात. बहुमत मोजायचं कसं, हे मात्र घटना सांगत नाही. ते लोकसभेच्या कामकाज नियमांमध्ये आहे, मुख्यतः नियम ३६७ मध्ये.

चर्चा संपली की अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात. बाजूने असलेल्यांनी ‘हां’ म्हणायचं, विरोधात असलेल्यांनी ‘ना’. मग अध्यक्ष म्हणतात, माझ्या मते ‘हां’च्या बाजूने निर्णय झाला आहे. यातले ‘माझ्या मते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तो अंतिम निकाल नसतो, अध्यक्षांचा अंदाज असतो. त्यावर कोणी हरकत घेतली नाही तर तोच अंदाज निकाल होतो.

कोणी हरकत घेतली, तर लॉबी मोकळी करण्याचा आदेश दिला जातो आणि संसदेच्या इमारतीत घंटा वाजू लागतात. कँटीनमध्ये, ग्रंथालयात, पक्षाच्या खोलीत बसलेल्या खासदारांनी साडेतीन मिनिटांत आत यायचं असतं. मग दरवाजे बंद होतात आणि प्रश्न पुन्हा विचारला जातो. तरीही हरकत कायम राहिली तर खरी मोजणी होते. आसनावरच्या यंत्राचं बटण दाबून, नाहीतर चिठ्ठ्यांवर, नाहीतर सदस्यांना दोन लॉबींमध्ये पाठवून. हीच मतविभागणी. तिच्यात कोणी कुठल्या बाजूने मत दिलं ते नावानिशी नोंदवलं जातं आणि लोकसभेच्या छापील कामकाजात येतं.

याच नियमात एक पळवाटही आहे. मतविभागणीची मागणी विनाकारण होत आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून फक्त डोकी मोजू शकतात. त्यात आकडा मिळतो, पण नावं नोंदवली जात नाहीत.

यंत्र असलं तरी सगळं बटणासरशी उरकतं असं नाही. १७ डिसेंबर २०२४ रोजी ‘एक देश, एक निवडणूक’साठीचं घटनादुरुस्ती विधेयक मांडायला विरोधकांनी हरकत घेतली आणि संसदेच्या नव्या इमारतीत पहिल्यांदाच इलेक्ट्रॉनिक मतदान झालं. फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ दिसले. ज्यांचं मत यंत्रात नोंदलं गेलं नाही किंवा चुकलं, त्यांनी चिठ्ठ्या दिल्या आणि अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळपास शंभर मतांचा फरक पडला. म्हणूनच फलकावरचा निकाल जाहीर करताना तो दुरुस्तीच्या अधीन असल्याचं सांगितलं जातं.

या एका मोजणीतून किती गोष्टी बाहेर आल्या पाहा. विधेयक मांडायला साधं बहुमत पुरतं, ते सरकारकडे होतं. पण ते मंजूर करायला त्या दिवशी हजर राहून मतदान केलेल्या ४६७ जणांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे किमान ३१२ मतं लागली असती. तेवढी सरकारकडे नाहीत, हे त्याच संध्याकाळी सगळ्या देशाला कळलं. व्हिप असूनही सत्ताधारी बाकांवरचे काही खासदार गैरहजर होते, त्यांच्याकडे पक्षाने खुलासा मागितल्याच्या बातम्याही आल्या. आवाजी मतदान झालं असतं तर यातलं काहीच समोर आलं नसतं.

कोणत्या गोष्टी आवाजावर मंजूर होतात?

घटनादुरुस्तीला मतविभागणी सक्तीची आहे. विश्वास आणि अविश्वास प्रस्तावावर ती अनेकदा होते, पण दर वेळी होतेच असं नाही. बाकी जवळपास सगळं, म्हणजे साधे कायदे, त्यांच्यातल्या दुरुस्त्या, अगदी अर्थसंकल्पसुद्धा, कोणी अडवलं नाही तर आवाजावर होतं.

२९ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन कृषी कायदे रद्द करणारं विधेयक लोकसभेत चर्चेविना, काही मिनिटांत आवाजी मतदानाने मंजूर झालं. ज्या कायद्यांसाठी दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन चाललं, ते मागे घेताना एकाही खासदाराचं मत नावानिशी नोंदवलं गेलं नाही. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या गदारोळात एकगठ्ठा मताला टाकून मंजूर केल्या गेल्या. संसदेच्या भाषेत याला गिलोटिन म्हणतात. २० ऑगस्ट २०२५ रोजी पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि त्याच दिवशी गोंधळात आवाजी मतदानाने मंजूरही झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभा, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचा प्रायोजक या कायद्यामुळे गेला, इतका त्याचा परिणाम मोठा होता.

हे कायदे चांगले की वाईट हा वेगळा विषय आहे. कृषी कायदे मागे घेतले जाऊ नयेत असं त्या दिवशी विरोधकांपैकी कोणी म्हणत नव्हतं. मुद्दा नोंदीचा आहे.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. लोकसभेची गणसंख्या एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश, म्हणजे ५५ आहे. सभागृहात त्याहून कमी लोक असले तरी कोणी लक्ष वेधून दिलं नाही तर काम चालू राहतं. शुक्रवारच्या दुपारी अर्धी बाकं रिकामी असताना आवाजावर झालेला निर्णय आणि ५०० खासदारांनी मोजून केलेला निर्णय कागदावर अगदी सारखेच दिसतात.

नोंद झाल्यावर काय कळतं?

महाराष्ट्रातल्या वाचकाला आठवतील अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. ९ डिसेंबर २०१९ च्या रात्री नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० असं मंजूर झालं. उद्धव ठाकरेंचं सरकार काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने येऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि शिवसेनेच्या खासदारांनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं. दोन दिवसांनी राज्यसभेत शिवसेना मतदानात उतरलीच नाही. या दोन दिवसांत काय झालं, याची चर्चा पुढे बराच काळ चालली. ती होऊ शकली कारण लोकसभेतलं मत नोंदवलेलं होतं.

२० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातली ती दोन मतं एमआयएमची होती, एक असदुद्दीन ओवेसींचं आणि दुसरं तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचं. मुस्लीम आणि ओबीसी महिलांना स्वतंत्र वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्याशी सहमत असा वा नसा, त्या मतदारसंघातल्या लोकांना आपला खासदार कुठे उभा होता हे नेमकं कळलं. २०२४ मध्ये मत देताना ते त्यांच्या हाताशी होतं.

आणि १७ एप्रिल १९९९ कोण विसरेल? वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. सैफुद्दीन सोझ यांनी स्वतःच्या पक्षाचा आदेश झुगारला. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग खासदारकी न सोडल्यामुळे मतदानाला आले. एका मताचा फरक कानाने ऐकून कोणत्या अध्यक्षांना सांगता आला असता?

पण व्हिप असताना या नोंदीला अर्थ काय?

मतविभागणीच्या आग्रहावर सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाने व्हिप काढला आणि खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिला, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर त्याची खासदारकी जाऊ शकते. हे फक्त सरकार पडण्याच्या मतदानापुरतं नाही. एखाद्या बंदराच्या वा नोंदणीच्या कायद्यावरही व्हिप निघू शकतो. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की अपात्रतेची टांगती तलवार विश्वास आणि अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरतीच ठेवावी. ते झालं नाही.

मग खासदाराचं मत म्हणजे पक्षाचं मत. ४० पक्षांच्या भूमिका आधीच माहीत असताना ५४३ नावांची यादी कशाला छापायची? शिवाय आवाजी मतदानात खासदाराला थोडी मोकळीक तरी मिळते. ज्याला आपल्या पक्षाचं विधेयक पटलेलं नाही तो गप्प बसू शकतो. आवाजात कोण गप्प होतं हे कोणी सिद्ध करू शकत नाही. मतविभागणी झाली की त्याला बटण दाबावंच लागतं.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. व्हिपमुळे बंडखोरी दुर्मीळ झाली हे खरं, पण यादीत फक्त बंडखोरी दिसत नाही. गैरहजेरी दिसते. आघाडीतला मित्रपक्ष बाहेर काय बोलला आणि आत काय केलं हे दिसतं. ३ एप्रिल २०२५ च्या पहाटे वक्फ दुरुस्ती विधेयक २८८ विरुद्ध २३२ असं मंजूर झालं, तेव्हा तेलुगू देसम आणि जनता दल यांचं काय ठरलंय याबद्दलच्या आठवडाभराच्या तर्कांना पूर्णविराम मिळाला. आणि गप्प बसण्याच्या मोकळीकीबद्दल बोलायचं तर, ती खासदाराच्या सोयीची आहे, मतदाराच्या नाही. पटत नसलेल्या कायद्याच्या बाजूने बटण दाबावं लागलं तर त्याचं ओझं त्या खासदाराला वाटलं पाहिजे. व्हिपच्या कायद्यात बदल व्हावा असा दबाव आला तर तो या ओझ्यातूनच येईल.

विरोधक मागत का नाहीत?

मतविभागणी मागायला एक सदस्य पुरतो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नावनिशी मतदानाची मागणी हजर सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी करावी लागते, तशी अट आपल्याकडे नाही. तरीही ती रोज मागितली जात नाही, आणि याचं कारण प्रत्येक वेळी अध्यक्ष नसतात.

मोजणी झाली की विरोधकांची रिकामी बाकंही मोजली जातात. जून २०२४ मध्ये विरोधकांच्या काही खासदारांचा शपथविधीही झालेला नव्हता. त्या दिवशी आकडा आला असता तर तो त्यांच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी दिसला असता. ‘सहमतीसाठी आग्रह धरला नाही’ या वाक्यामागे हे गणित नव्हतंच असं म्हणणं कठीण आहे.

दुसरं कारण गोंधळ. मतविभागणीसाठी सदस्य आपापल्या जागी असावे लागतात, सभागृह शांत असावं लागतं. विरोधक अध्यक्षांच्या आसनासमोर फलक घेऊन उभे असतील तर मोजणी करता येत नाही, हे सांगायला अध्यक्षांना आयतं कारण मिळतं. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांच्या वेळी हेच झालं. मागणी जागेवरून आली नाही असं पीठासीनांचं म्हणणं, जागेवरूनच आली असं विरोधकांचं. विधेयकं आवाजावर मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले.

लोकसभेत याचं आणखी बोलकं उदाहरण मार्च २०१८ मधलं. तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसने सरकारवर अविश्वास ठरावाच्या नोटिसा दिल्या होत्या. ठराव दाखल व्हायला ५० सदस्यांनी उभं राहून पाठिंबा द्यावा लागतो. तेव्हाच्या अध्यक्ष, मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन, रोज सांगत की सभागृह शांत नाही, मला ५० जण मोजता येत नाहीत. गोंधळ घालणाऱ्यांमध्ये नोटीस देणाऱ्यांचा समावेश नव्हता, दुसरेच पक्ष आपापल्या मागण्यांसाठी उभे होते. अधिवेशन संपलं, ठराव आलाच नाही. तो जुलैत दाखल झाला आणि २० जुलैला सरकारने ३२५ विरुद्ध १२६ असा सहज जिंकला. इतकं बहुमत असलेल्या सरकारला मार्चमध्ये मोजणीची भीती कसली होती, हा प्रश्न तेव्हाही पडला होता.

आपल्या विधानसभेने दोन्ही टोकं पाहिली आहेत

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीसांच्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाला. भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते, बहुमताला १४५ लागत होते. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता, तेव्हाची शिवसेना विरोधी बाकांवर होती. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणी मागितली, पण अध्यक्ष हरिभाऊ बागडे पुढच्या कामकाजाकडे वळले होते, आणि मागणी उशिरा आली असं सांगितलं गेलं. सरकारच्या बाजूने नेमके किती आमदार होते आणि राष्ट्रवादीने नेमकं काय केलं, हे नोंदवलं गेलं नाही. महिनाभराच्या आत शिवसेना त्याच सरकारात सामील झाली आणि प्रश्न मागे पडला.

पाच वर्षांनी, पहाटेच्या शपथविधीनंतर, २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी गुप्त नव्हे तर उघड मतदानाने घ्यावी आणि तिचं थेट प्रक्षेपण करावं असा आदेश दिला. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला, म्हणजे मोजणीच्या नुसत्या आदेशानेच निकाल लागला. ३० नोव्हेंबरला ठाकरे सरकारच्या वेळी शिरगणती झाली, १६९ विरुद्ध शून्य, भाजपचा सभात्याग. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या वेळी १६४ विरुद्ध ९९. त्या दिवशी एकेक आमदार उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत होता आणि लोक घरी टीव्हीसमोर बसून मोजत होते. पुढे पक्षफुटीचा जो खटला वर्षानुवर्षं चालला, त्यात कोणी कधी कोणत्या बाजूने मत दिलं हे वादाच्या केंद्रस्थानी होतं.

बदल करायचा तर घटनादुरुस्ती लागणार नाही. लोकसभेच्या नियमांत एक ओळ पुरेल, की कोणत्याही विधेयकाच्या अंतिम मंजुरीवर मतविभागणी होईल. दुरुस्त्या, कलमं, तहकुबीचे प्रस्ताव आवाजावर राहू देत. वेळेचं कारण पुढे केलं जाईल, पण साडेतीन मिनिटांच्या घंटा आणि बटण दाबणं मिळून एका विधेयकामागे दहा मिनिटं धरली तरी अधिवेशनभरात ते गोंधळामुळे वाया जाणाऱ्या एका दिवसाइतकंही होत नाही. असा बदल नियम समितीतून येऊ शकतो. तिचे अध्यक्ष लोकसभेचे अध्यक्षच असतात.

तोवर तुम्हाला तुमच्या खासदाराची मतं शोधायची असतील तर संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभेच्या कामकाजाचे वृत्तांत आहेत. विधेयक मंजूर झाल्याची तारीख बघा आणि त्या दिवसाच्या वृत्तांतात शेवटाकडे जा. मतविभागणी झाली असेल तर दोन याद्या सापडतील, ‘हां’ आणि ‘ना’, आणि त्यात नावं. झाली नसेल तर ‘प्रस्ताव स्वीकृत झाला’ एवढी एक ओळ असेल.